मावशीचा हातगुण

मावशीला कोंबड्यांबद्दल कुणी शिकवायला गेलं की ती आधी निमूट ऐकून घ्यायची आणि मग त्या माणसाला सरळ शेडमध्ये नेऊन उभं करायची. "बघा," एवढंच म्हणायची. आत बघण्यासारखं असायचंच. पिल्लं टवटवीत, तुरे लाल, आणि पायाखालचा भुसा इतका सुटा की मुठीत धरला तर बोटांमधून निसटून जाईल. वास नाही, माशा नाहीत. शिकवायला आलेला माणूस मग गुपचूप चहा पिऊन चालता व्हायचा.

शहर संपतं तिथून सुरू होणाऱ्या त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडच शेड होत्या. कंपनीची गाडी पिल्लं आणून टाकायची, खाद्य आणि औषध टाकायची, आणि पिल्लं वाढली की भरून घेऊन जायची. मधल्या काळात ती जगवायची, एवढंच काय ते पाळणाऱ्याचं काम. आता हे 'एवढंच' म्हणणाऱ्याने एकदा करून बघावं. पिल्लांना मरायला निमित्त लागत नाही. वारा लागला, मेली. दिवा गेला, एकमेकांवर चढून गुदमरून मेली. आणि या सगळ्यांपेक्षा वाईट ती रक्ती हगवण. आज चार पिल्लं पिसं फुलवून, मान आत ओढून कोपऱ्यात बसतात, भुशावर रक्ताचे ठिपके दिसतात, आणि बघता बघता अर्धी शेड आडवी होते. या रक्तीने त्या रस्त्यावर भल्याभल्यांना रडवलं होतं. मावशीच्या शेडमध्ये मात्र तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

म्हणून तिथे एक पद्धत पडून गेली होती. कुणाची नवी बॅच यायची असली की तो आदल्या दिवशी मावशीकडे यायचा आणि तिच्या शेडमधला जुना भुसा टोपलीभर मागून न्यायचा. तो आपल्या नव्या भुशात मिसळायचा. याला सगळे विरजण म्हणायचे. ही पद्धत सुरू झाली ती शेजारच्या सायरनमुळे. सायरन म्हणजे पलीकडच्या शेडचा मालक. त्याला हळू बोलणं म्हणून माहीत नव्हतं, कानात काही सांगायला लागला तरी रस्त्यावरची कुत्री उठून बसायची. एकदा त्याला भुसा कमी पडला, त्याने मावशीकडून टोपलीभर नेला आणि नेमकी ती बॅच त्याची झकास निघाली. झालं. संध्याकाळपर्यंत साऱ्या रस्त्याला कळलं की मावशीच्या भुशात काहीतरी आहे.

"हातगुण आहे हो मावशीचा," लोक म्हणायचे.

"कसला आलाय हातगुण, तुमचं आपलं काहीतरीच," मावशी म्हणायची आणि दिवसभर खुशीत असायची. खोटं कशाला बोला, तिला ते ऐकायला आवडायचं. नवरा लवकर गेला, दोन खोल्या आणि एक शेड मागे ठेवून. त्या शेडवर तिने लेकीला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. एवढं केल्यावर कुणी हाताचं कौतुक केलं तर का आवडू नये? टोपली देताना ती कुणाकडून काही घ्यायची नाही. फक्त टोपली धुऊन आणली पाहिजे, यावर हटून बसायची.

तिच्या दोन सवयी होत्या. रोज सकाळी दाताळं घेऊन शेडमधला सगळा भुसा खालीवर करायची, पार भिंतीच्या कडेपर्यंत. आणि औषध कधी चुकवायचं नाही. पाण्यात मिसळायची एक पिवळी पूड होती, नवऱ्याच्या वेळेपासूनची. बाकीचे लोक पिल्लं बरी दिसली की पूड बंद करायचे, विसरायचे, उरलेली पुढच्या बॅचला वापरायचे. मावशीचं तसं नव्हतं. पिल्लं आली त्या दिवसापासून जाईपर्यंत पूड, मग परत नवी पिल्लं आणि परत तीच पूड. "औषध चुकलं तर मला घास गिळत नाही," असं ती म्हणायची. पिल्लं चांगली निघतात ती या पुडीमुळे, अशी तिची पक्की खात्री होती. दाताळ्याचं तिच्या लेखी काहीच नव्हतं. घर झाडतो तशी शेड हलवायची, त्यात काय सांगायचं.

अलीकडे रस्त्यावर रक्तीचं प्रमाण वाढलं होतं आणि पूड टाकूनही ती हटत नव्हती. लोक काय करायचे? मावशीकडे आणखी एक टोपली मागायला यायचे. जितकी रक्ती वाढली तितक्या टोपल्या वाढल्या. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मावशीला तर नाहीच.

अशात लेक परत आली. एक बॅग, एक छत्री, आणि सोबत पोर नाही. मावशीने दारातच विचारलं, "माझी नात कुठाय?"

"ठेवून घेतली त्यांनी," लेक म्हणाली आणि चपला काढायला खाली वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही.

जावई मारझोड करणारा नव्हता. तसा असता तर लोकांना सांगायला तरी काही असतं. तो फक्त तिने केलेलं प्रत्येक काम तिच्यासमोर पुन्हा करायचा. तिने पोरीची वेणी घातली की सोडून स्वतः घालायचा. तिने भांडी घासली की एकेक उजेडात धरून बघायचा आणि परत घासायचा, तोंडाने एक शब्द न बोलता. वर्षानुवर्षं हे सोसल्यावर बाईचं काय होतं? गॅस नीट बंद केला की नाही, हे लेक दहादा जाऊन बघायला लागली होती. शेवटी ती निघाली तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता, "जा. पोरगी देतो की तुझ्याकडे. आधी स्वतःचं काहीतरी उभं करून दाखव. आईच्या घरात, आईच्या जिवावर नाही. स्वतःचं." वकिलाला विचारलं तर तोही मान खाजवत म्हणाला की स्वतःची जागा आणि स्वतःची कमाई दाखवता आली तर बोलता येईल, नाहीतर अवघड आहे.

म्हणजे आता सगळं लेकीच्या पहिल्या बॅचवर आलं. बॅच निघाली की नात येणार. मायलेकी हे बोलून दाखवत नव्हत्या, पण दोघींच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

वळणापलीकडे एक जुनं लाकूड-गोदाम भाड्याने मिळालं. जागा सखल होती, मागच्या भिंतीला ओल धरायची, पण त्यातल्या त्यात परवडणारं तेच होतं. लेकीने ते घासून पुसून काढलं, दिवे टांगले, पाण्याच्या नळ्या बसवल्या. बाजूच्या खोलीत एक छोटी खाट आणून ठेवली. फोनवर नात विचारायची, "आई, एक पिल्लू माझं असेल का?" लेक म्हणायची, "तू ये, मग आपण दोघी मिळून निवडू."

कंपनीचा सुपरवायझर जागा बघून गेला. तो कमी बोलणारा, सारखा घड्याळ बघणारा माणूस. "पहिली बॅच नीट गेली तर दुसरी देऊ," एवढं म्हणाला आणि मोटरसायकलवर बसला.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी मावशी विरजण घेऊन आली. टोपली नव्हे, हातगाडी. गच्च भरून, वर पोत्याने झाकून.

"आई, एवढं कशाला? सगळे टोपलीभरच नेतात."

"सगळ्यांची मी मावशी आहे," ती म्हणाली. "तुझी आई आहे."

दोघींनी मिळून तो भुसा पसरला. मावशीने स्वतःच्या हाताने मागच्या भिंतीपर्यंत लावला, जिथे ओल होती तिथे जरा जास्तच, म्हणजे शोषून घेईल. काम झाल्यावर कमरेवर हात ठेवून तिने एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि तिला फार समाधान वाटलं. आपल्या शेडचा सगळा चांगुलपणा आपण लेकीच्या शेडमध्ये आणून ओतला, असं तिला वाटत होतं.

पिल्लं आली. पिवळीधम्मक, सारखी किलबिलणारी. लेक त्यांच्यात जी बसली ती उठेनाच. सुरुवातीचे दिवस छान गेले. पिल्लं खात होती, वाढत होती, लेक केलेलं काम दहादा बघायची थांबली होती. एकदा तर ती कामात असताना गुणगुणत होती, आणि मावशीने बाहेरूनच ते ऐकलं आणि आत न जाता परत फिरली.

मग एका सकाळी लेकीचा फोन आला. "आई, काही पिल्लं गप्प बसलीयेत."

मावशी पोचली आणि दारातूनच तिला कळलं. मागच्या भिंतीकडे पिल्लांचा एक घोळका, पिसं फुलवलेली, डोळे अर्धे मिटलेले. खाली भुशावर रक्त. तुरे पांढुरके पडलेले. मावशी लेकीला म्हणाली, "घाबरू नकोस. पूड आहे ना."

पूड तर पहिल्या दिवसापासून चालूच होती. मग दुप्पट केली. मग खाद्यातही घातली. पाणी इतकं पिवळं झालं की पिल्लं चोच लावेनात. रक्त काही थांबेना. लेक मेलेली पिल्लं बादलीत भरून बाहेर न्यायची, परत यायची, परत बादली भरलेली. मावशीने घसा कोरडा पडेपर्यंत देवाला आळवलं आणि पुडीलाही शिव्या घातल्या. काही म्हणजे काही उपयोग झाला नाही.

सुपरवायझरने कंपनीची डॉक्टरबाई पाठवली. बाई थकलेल्या दिसत होत्या, बुटांवर दुसऱ्या कुठल्या शेडची घाण होती, दारात थांबून त्यांनी आधी बूट धुतले. एक मेलेलं पिल्लू घेतलं, पत्र्यावर ठेवून उघडलं. आतड्याची टोकं रक्ताने टम्म फुगलेली. त्यांनी दुसरं औषध दिलं, भुशाचे नमुने घेतले, इथले आणि विरजण कुठलं ते विचारून मावशीच्या शेडमधलेही.

"वाचतील ना?" लेकीने विचारलं.

"बघू या," डॉक्टरबाई म्हणाल्या. असं डॉक्टर कधी म्हणतात ते मावशीला चांगलं माहीत होतं.

नव्या औषधाने रक्त थांबलं, पण तोवर शेड अर्ध्याहून जास्त रिकामी झाली होती. जगलेली पिल्लं खुरटली. खायची पण अंगाला लागायचं नाही, छातीचं हाड हाताला टोचायचं. कंपनीची गाडी आली तेव्हा सुपरवायझरने एक पिल्लू उचललं, तोललं, खाली सोडलं. घड्याळ बघितलं. "ताई, इथे पुढची बॅच नाही देता येणार," तो म्हणाला. त्याला वाईट वाटत असावं, कारण जाताना तो गेट लावायला विसरला नाही. लेक रिकाम्या शेडमध्ये गेली आणि नळ्या काढायला लागली.

"माझी शेड घे," मावशी म्हणाली. "तुझ्या नावावर करते. उद्याच."

"ती तुझी आहे गं," लेक म्हणाली. "ते ऐकायचे नाहीत. आणि तीही मी बुडवेन."

त्यानंतर काही दिवसांनी डॉक्टरबाई मावशीच्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, मग घेतला. हातातला कप फिरवत बसल्या. सांगायचं कसं, असं त्यांच्या मनात चाललं होतं हे मावशीला दिसत होतं.

"लॅबमध्ये आम्ही निरोगी पिल्लं घेतली," त्या म्हणाल्या. "काहींना तुमची पूड चालू केली, काहींना नाही. मग सगळ्यांना तुमच्या शेडच्या भुशातले जंतू दिले. दोन्हीकडची पिल्लं सारखीच आजारी पडली. मावशी, तुमच्या शेडमधले जंतू त्या पुडीला जुमानतच नाहीत."

"माझ्या शेडमध्ये रक्ती नाही," मावशी म्हणाली. आवाज चढला होता. "इतक्या वर्षांत नाही. कुणालाही विचारा."

"रक्ती नाही, पण जंतू आहेत. प्रत्येक शेडमध्ये असतात. विष्ठेतून त्यांची अंडी बाहेर पडतात, भुशात पिकतात, पिल्लू टोचून खातं, परत पोटात जातात. तुम्ही वर्षानुवर्षं एकच औषध दिलंत, एक दिवस न चुकवता. त्याने जे मरायचे ते कधीच मेले. जे मेले नाहीत तेच उरले, त्यांचीच पैदास होत राहिली."

"मग माझी पिल्लं कशी जगतात?"

"तुम्ही भुशाची गादी रोज हलवता. ती कोरडी असते. कोरड्यात अंडी फार पिकत नाहीत, पिल्लांच्या पोटात थोडीथोडीच जातात आणि त्यांच्या अंगाला सवय होते. तुमची पिल्लं त्या दाताळ्यावर जगली, मावशी. पूड कधीच निकामी झाली होती. टोपलीतून ते जंतू या सगळ्या रस्त्यावर गेलेत. बाकीच्या शेड मी तपासल्या. आणि तुमच्या मुलीकडे तर गाडीभर, तेही ओलीत."

मावशीने पदराने कपाखालची जागा पुसली. तिथे काही सांडलेलं नव्हतं. "यावर आता काय करायचं?" तिने विचारलं.

"नवं औषध काही वर्षं चालेल. मग तेही चालणार नाही." डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला. "एक तेवढं करा. भुसा कुणाला देऊ नका."

दुसऱ्याच दिवशी सायरन हजर. धुतलेली टोपली हातात. मावशीने त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं, जंतू, पूड, लॅब, सगळं. सायरन ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला. "मावशी, द्यायचं नसेल तर तसं सांगा," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "लेकीचं बुडलं म्हणून आमचं चांगलं बघवत नसेल, तर तेही समजू शकतो. पण असं काहीबाही कशाला सांगता?" तिने त्याचा हात धरला तर त्याने सोडवून घेतला. संध्याकाळपर्यंत साऱ्या रस्त्याला कळलं की मावशी बदलली. शेडच्या मागे तिने बाहेर काढून टाकलेला जुना भुसा होता, जाळायचा म्हणून. सकाळी बघते तर त्यातला बराचसा कुणीतरी भरून नेला होता.

लोक गेले खड्ड्यात, असं म्हणून मावशीने तो विषय सोडला. पण लेकीला सांगायलाच हवं होतं. लेक गोदामाची किल्ली परत करून आली होती आणि स्वयंपाकघरात मावशीसमोर भाजी निवडत बसली होती. निवडलेली देठं ती परत परत तपासत होती, एखादं चांगलं पान तर गेलं नाही ना म्हणून.

"माझ्यामुळे झालं," मावशी म्हणाली. "ऐक नीट. तुझी काही चूक नव्हती. रोग मीच आणला, त्या हातगाडीतून. माझ्या हाताने पसरला. डॉक्टरबाई स्वतः सांगून गेल्या."

लेकीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग यावा असं मावशीला वाटत होतं. तिने भांडावं, ओरडावं, भाजी फेकून द्यावी. पण लेक हसली, लहान मुलाकडे बघून हसतात तशी, आणि तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू ना, आई. माझ्यासाठी काय काय बनवून सांगशील."

"बनवून नाही सांगत गं. देवाशपथ."

"तुझा भुसा सगळा रस्ता नेतो. त्यांची मेली का सगळी? माझीच का मेली?" ती शांतपणे बोलत होती, जणू हा हिशेब तिने कधीच करून टाकला होता. "भिंतीची ओल मला दिसत होती. रोज हलवायला हवं होतं, मी कधी हलवलं, कधी नाही हलवलं. त्या आधी संसार झाला नाही, आता हे. प्रत्येक ठिकाणी मीच आहे ना? मग चूक कुणाची असेल? तू उगाच स्वतःवर ओढून घेऊ नकोस. मला एक काम धड येत नाही, हे ते न बोलता इतकी वर्षं सांगत होते. मीच ऐकत नव्हते."

मावशीने परत सांगितलं. डॉक्टरबाईंना फोन लावून देते म्हणाली. लेक म्हणाली, डॉक्टरबाईंनाही तूच शिकवून ठेवलं असशील. आणि परत हसली. मावशीला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली. ती उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली. बाहेर आली तेव्हा लेकीने भाजी चिरायला घेतली होती.

"मी जाते परत," लेक म्हणाली. "पोरगी तरी डोळ्यासमोर राहील. तिला सांगितलं होतं पिल्लू निवडू म्हणून. आता निदान तिच्या जवळ तरी बसेन." मग चिरता चिरता म्हणाली, "आई, फोन तू कर त्यांना. मी बोलले तर काहीतरी चुकेल आणि ते नाही म्हणतील."

मावशीने फोन लावला. जावई फोनवर नेहमी गोड बोलायचा. "बोला आई," तो म्हणाला. "तब्येत काय म्हणते?"

"बरी आहे. ती यायचं म्हणतेय घरी."

"येऊ दे ना. मी कधी नको म्हटलंय? घर तिचंच आहे." मागे नातीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी काहीतरी दाखवत होती. "फक्त एक, आई. तुमच्या तोंडून ऐकतो. मी सांगत होतो ना? जमलं नाही ना तिला?"

मावशीच्या तोंडाशी सगळं आलं होतं. भुसा, हातगाडी, स्वतःचे हे दोन हात. पण हा माणूस नुसतं 'बघू' म्हणाला असता तरी लेकीला तिची पोर दिसली नसती. समोर लेक सुरी खाली ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," मावशी म्हणाली. "नाही जमलं तिला."

लेकीने मान हलवली, बरोबर बोललीस अशी, आणि उरलेली भाजी चिरायला घेतली.